डावं-उजवं न करणारी डिस्क

माझे धाकटे दीर फिनलंडहून कायमचे परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन बॅगा होत्या. मोठीत कपडे होते. छोटी त्यांनी विमानतळापासून आमच्या फुलपाड्याच्या घरापर्यंत मांडीवर धरून आणली, म्हणून मला वाटलं, काचेचं काही असेल. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बसून त्यांनी ती उघडली, तर आत प्लास्टिकच्या रंगीत चकत्या. नाश्त्याच्या बशीएवढ्या. काही जाड कडेच्या, काही कडेला सुरीसारख्या पातळ.

“फ्रिस्बी?” मी विचारलं.

“फ्रिस्बी नाही वहिनी, डिस्क. डिस्क गोल्फ.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. खेळ गोल्फचाच, पण काठी नाही आणि चेंडूही नाही. हाताने डिस्क फेकायची, पडली तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती लांबच्या एका साखळ्यांच्या टोपलीत घालायची. तिकडे गावोगावी जंगलातून असे मार्ग आखलेले असतात. ऑफिस सुटलं की लोक जातात, एकटा माणूसही जातो, कुणाशी बोलावं लागत नाही. जवळ टाकायची डिस्क वेगळी, लांब टाकायची वेगळी. लांबच्या पल्ल्याच्या डिस्कला ड्रायव्हर म्हणतात.

हे सांगताना ते एकेक डिस्क तोंडासमोर अगदी सरळ धरून बघत होते. तेवढ्यात त्यांच्या कोपराने बाजूची पाण्याची बाटली आडवी झाली. पाणी सतरंजीवर पसरत गेलं, त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं, तरी ते बोलतच होते. बाटली तिथे आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं.

फोनवर त्यांनी जे सांगितलं होतं ते मला त्या क्षणी खरं वाटलं.

डोळ्याच्या पडद्याचा आजार. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेचं. नजर चारी बाजूंनी आत येत जाते आणि माणूस नळीतून बघावं तसा बघायला लागतो. पुढे ती नळीही बारीक होत जाते. तिकडच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. मग कामावर चुका व्हायला लागल्या आणि भाऊजींनी स्वतःहून राजीनामा दिला. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. औषध नाही, आणि किती वर्षं दिसेल तेही सांगता येत नाही. भाऊजी तेव्हा पस्तिशीचे होते. जवळजवळ ठरलेलं लग्न त्यांनी मुलीला फोन करून स्वतःच मोडलं होतं. त्याचा आमच्या घरात कुणी कधी विषय काढला नाही.

मी विरारच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते. सुई टोचताना लोक विचारतात, “ताई, काही वाईट तर नाही ना निघणार?” तेव्हा बोलायचं ठरलेलं काहीतरी माझ्या तोंडात असतं. भाऊजींपुढे ते चालणार नव्हतं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान माणूस, पण नवऱ्याला मी अरे-तुरे करते आणि या दिरांना लग्न झाल्यापासून अहो-जाहो. त्या अहो-जाहोमुळे एक बरं होतं. आम्ही दोघं एकमेकांशी जपून आणि खरं बोलायचो.

माझ्या नवऱ्याने भावासाठी पहिले काही महिने जिवाचं रान केलं. आयुर्वेदिक थेंब आणले, कुणी सांगितलं म्हणून त्यांना कोल्हापूरकडे एका वैद्याकडे नेऊन आणलं, सकाळी गाजराचा रस, संध्याकाळी आणखी कसला तरी काढा. एका रविवारी भाऊजी काढ्याचा पेला खाली ठेवून म्हणाले, “दादा, आता पुरे.”

तो उठला. पेला उचलून मोरीत ओतून आला. त्या दिवसापासून डोळ्यांचा विषय त्याने बंद केला आणि भावाशी बोलणंही जरुरीपुरतं ठेवलं. जेवताना मात्र न चुकता सांगायचा, “भाजी तुझ्या उजव्या हाताला आहे.”

अर्नाळ्याला जायचं भाऊजींनीच काढलं. “एकदा मोकळ्यावर डिस्क टाकून बघायची आहे,” म्हणाले. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “तुम्ही जा.” म्हणून आम्ही दोघंच निघालो. रविवारी सकाळी मी स्कूटर काढायचे, भाऊजी बॅग पोटाशी धरून मागे बसायचे, पूल ओलांडून पश्चिमेला आणि आगाशीवरून समुद्रावर. ओहोटीला तिथली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते. साखळ्यांची टोपली आम्ही कुठून आणणार? बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींनी मासळी भरायचा फुटका क्रेट दिला, तो मी बांबूला बांधला आणि बांबू वाळूत रोवला. झाली टोपली.

उन्हाने त्यांचे डोळे दिपायचे, म्हणून सूर्य पाठीशी घेऊन उत्तरेकडे टाकायचं ठरलं. म्हणजे डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला सुरूची झाडं आणि मावशींचे बोंबील.

पहिल्या दिवशी त्यांनी त्यांचा आवडता जुना ड्रायव्हर काढला. चार पावलं धावत आले, अंग पाठीमागे वळवलं आणि हात असा सोडला की मी बघतच राहिले. इतकी वर्षं मी या माणसाला फक्त जेवताना, वाचताना आणि लॅपटॉपसमोर पाहिलं होतं. डिस्क हवेत चढली, लांब गेली, आणि शेवटी वेग संपताना डावीकडे मोठं वळण घेऊन पाण्यात पडली.

भाऊजी हात तसाच धरून उभे होते.

“कुठे गेली?”

“डावीकडे. पाण्यात. थांबा, मी आणते.”

मी साडी खोचून ती आणली तेव्हा ते वाळूवर बसले होते. म्हणाले, “उजव्या हाताने टाकली की प्रत्येक डिस्क शेवटी डावीकडे झुकते. ही जरा जास्तच झुकते. पूर्वी मला तेच आवडायचं. आता ती वळली की माझ्या नळीबाहेर जाते. शोधायला मान फिरवेपर्यंत ती पडलेली असते.” थोडं थांबून म्हणाले, “वहिनी, मला फक्त पडताना बघायची आहे.”

तेव्हा त्यांना नवा ड्रायव्हर हवा होता. स्टेबल.

“स्टेबल म्हणजे?”

“मधे उजवीकडे पळत नाही, शेवटी डावीकडे पडत नाही. डावं-उजवं न करणारी.”

ऐकायला सोपं वाटलं. मग घरी येऊन आम्ही मोबाइलवर बघायला बसलो. स्क्रीनवरची बारीक अक्षरं त्यांना तुकड्यातुकड्यांनी दिसायची, म्हणून मी वाचायचे आणि ते भिंतीकडे बघत ऐकायचे. प्रत्येक डिस्कवर चार आकडे असतात: वेग किती लागतो, हवेत किती तरंगते, मधे किती वळते, शेवटी किती झुकते. लांब जाणाऱ्या डिस्कला वेगही जास्त लागतो, आणि तेवढा वेग हातात नसला तर कागदावरची सरळ डिस्कही डावीकडे कोसळते. म्हणून लोक हौसेने सगळ्यात वेगवान ड्रायव्हर घेतात आणि फसतात, असं ते म्हणाले. “जी माझ्या हाताने सरळ जाते ती माझी स्टेबल. दुसऱ्याच्या हातात तीच उजवीकडे पळेल.”

बंगळुरूला एक जण या डिस्क विकतो, त्याला फोन लावला. तो हिंदीत बोलत होता. तरुण आवाज होता, उत्साही. भाऊजींनी हाताच्या जोराचा अंदाज सांगितला, किनाऱ्यावरचा वारा सांगितला, डोळ्यांचं काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, “एंड तक सीधा चाहिए.”

तो हसला. “सर, एंड में तो सब लेफ्ट ही जाता है. कम-ज़्यादा.”

“कम वाला दो.”

त्याने तीन सुचवल्या. रंग कोणता, विचारलं. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, केशरी. आकाशावरही दिसेल आणि वाळूवरही.

त्या तिन्ही आल्यानंतरच्या रविवारी आम्ही नेहमीपेक्षा लवकर निघालो. सकाळचा जमिनीवरून येणारा वारा अगदी हलका असतो, दुपारनंतर समुद्राचा सुरू झाला की काही खरं नाही. मी क्रेटच्याही पुढे जाऊन उभी राहिले. माझं काम म्हणजे पडलेली डिस्क उचलायची आणि खरं सांगायचं.

पहिली जड होती. सुरुवातीला छान निघाली आणि जुनीसारखीच समुद्राकडे कलली. “डावीकडे!” मी ओरडले. त्यांनी पुन्हा टाकली, पुन्हा तेच. दुसरी हलकी होती. ती हातातून सुटली तीच जणू कुणी उजवीकडून ओढल्यासारखी, आणि थेट बोंबलांच्या मांडवात. मावशी उठून उभ्या राहिल्या.

“अगो बाई, आमच्या म्हावऱ्यात काय टाकता?”

भाऊजी लांबूनच ओरडून माफी मागत होते, पण तोंड भलतीकडेच करून. मावशींच्या ते लक्षात आलं. त्या डिस्क घेऊन माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, “दिसत नाय का त्याला?”

“थोडं दिसतं.”

“मंग टाकू दे,” त्या म्हणाल्या आणि परत जाऊन बसल्या.

तिसरी त्यांनी बराच वेळ हातात धरली. अंगठ्याने कड चाचपली. मग टाकली. ती फार उंच गेली नाही. माणसाच्या दुप्पट उंचीवरून सरळ येत राहिली, माझ्या दिशेने, मोठी होत होत. डावीकडे कलेल असं वाटलं तेव्हा तिचा वेग संपला होता. जरा कलली, आणि माझ्यापासून थोड्याच अंतरावर वाळूवर घासत थांबली.

मी काही ओरडले नाही. भाऊजी चालायला लागले होते. एरवी ते वाळूवरसुद्धा पाय चाचपत टाकायचे. त्या दिवशी नजर डिस्कवरून न काढता, माझा हात न धरता, ते एवढं अंतर चालत आले, वाकले आणि डिस्क उचलली.

“पडताना दिसली,” म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी ते नवऱ्यालाही सांगितलं. तो पेपर वाचत होता. “बरं झालं,” म्हणाला आणि पान उलटलं. मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

तो हिवाळा चांगला गेला. आम्ही बहुतेक रविवारी जायचो. भाऊजींचा चेहरा सावळला, भूक वाढली. कधीकधी मलाही टाकायला लावायचे. माझी डिस्क पाच-दहा पावलांवर लोळण घ्यायची आणि ते हसायचे. पुढे पावसाळ्यात किनाऱ्यावर जाणं बंद झालं. दसऱ्याच्या सुमाराला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पहिल्याच फेकीनंतर त्यांनी विचारलं, “पडली का?”

“पडली. सरळ गेली अगदी.”

“मला शेवटचं नाही दिसलं.”

ऊन फार आहे, मी म्हटलं. पुढच्या रविवारी ढग होते. त्या दिवशीही शेवटचं दिसलं नाही. मग हळूहळू मधलंही दिसेनासं झालं. हातातून सुटताना केशरी काहीतरी चमकतं एवढंच, असं ते म्हणायचे. मग मी त्यांच्याजवळच उभी राहून सांगायला लागले, “आहे हवेत. अजून आहे. अजून. आता पडली.” माझ्या सांगण्याबरोबर त्यांचं तोंड हळूहळू वर आणि मग खाली यायचं.

एकदा त्यांनी पुन्हा बंगळुरूला फोन लावला. याच्याहून सरळ काही आलंय का, विचारलं. त्या मुलाने मनापासून शोधलं, आठवून आठवून सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, “सर, इससे सीधा तो नहीं आता. प्रॉब्लेम क्या हो रहा है? हाथ स्लो हो गया क्या?”

“नहीं, हाथ ठीक है,” भाऊजी म्हणाले. फोन ठेवला. बराच वेळ ते डिस्क उलटसुलट करत बसले होते. मी कणीक मळत होते. मला वाटलं आता ते रडतील, आणि मी काय करायचं ते मला माहीत नव्हतं. पण ते उठले, चाचपत बॅगेपर्यंत गेले आणि डिस्क आत ठेवून चेन लावली.

मुंबईच्या डॉक्टरांनी अगदी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली होती. आजार घराण्यातून येतो, मोठ्या भावानेही डोळे तपासून घ्यावेत. नवरा दर वेळी म्हणायचा, बघू. ऑफिसचं ऑडिट संपू दे, गणपती होऊ दे. आमची मुलगी तेव्हा नाशिकला हॉस्टेलवर होती. तिच्यासाठी तरी जा, असं मी एकदा म्हटलं, तर तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. रात्री दिवा न लावता घरात चालून बघताना मी त्याला दोन-तीनदा पाहिलं होतं. मी पाहिल्याचं त्याला कळू दिलं नाही.

मार्चमध्ये भाऊजींना पुण्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात जागा मिळाली. पांढरी काठी घेऊन चालायचं, कानाने ऐकून कॉम्प्युटर चालवायचा, स्वतःचा स्वयंपाक करायचा, हे सगळं तिथे राहून शिकायचं होतं. अर्ज त्यांनी स्वतःच केला होता. जायच्या आधीच्या रविवारी मी स्कूटरची चावी घेतली तर नवरा बूट घालून दारात उभा.

“मी पण येतो.”

स्कूटरवर तिघं कसे जाणार? रिक्षा केली.

भरतीला सुरुवात झाली होती, वाळूचा पट्टा अरुंद झाला होता. नवरा पुढे जाऊन मी उभी राहायचे तिथे उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“तिकडे कोण आहे?” भाऊजींनी विचारलं.

“दादा.”

ते जरा थांबले. मग अंग वळवून डिस्क सोडली. मला वाटतं त्यांनी जोर कमी लावला, समोर माणूस आहे म्हणून. कमी जोराने ती डिस्कही सरळ जात नाही. डावीकडे कलली आणि लाटांत पडली. मी सांगायच्या आधीच नवरा बुटांसकट पाण्यात शिरला होता. मावशी ओरडल्या, “अरं, पानी भरतंय, आत नको जाऊस!” तो मांडीपर्यंत भिजला, दोनदा ती हातातून निसटली, शेवटी छातीशी धरून बाहेर आला. शर्टाने पुसली. हातात तोलून बघितली.

“एवढीच आहे होय?” म्हणाला. “मला वाटायचं जड असेल.”

दीड वर्षात त्याने ती एकदाही हातात घेतली नव्हती.

“टाकून बघ,” भाऊजी म्हणाले. त्यांनी चाचपत त्याचं मनगट धरलं, बोटं कडेवर नीट बसवली, लहान मुलाला पेन्सिल धरायला शिकवावं तशी. नवऱ्याने टाकली. ती डगमगत जाऊन जवळच आपटली.

“आवाज आला,” भाऊजी म्हणाले आणि हसले. नवरा हसला नाही. तो ओल्या वाळूवर मटकन बसला.

“मी डोळे तपासायला गेलो नाही अजून.”

“माहीत आहे.”

“भीती वाटते रे.”

“जाऊन ये दादा,” भाऊजी म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, तो आधी हवेत गेला, मग नवऱ्याच्या डोक्यावर टेकला. “मला पण वाटते.”

मी लांब जाऊन बांबू उपटायला लागले. तो नेहमीपेक्षा जास्त रुतला होता. क्रेट सोडवून मावशींना परत दिला. जाताना त्यांनी मूठभर सुके बोंबील कागदात बांधून दिले.

केशरी डिस्क भाऊजींनी पुण्याला नेली. बाकीच्या आमच्या माळ्यावर आहेत.

ते गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी नवऱ्याने तपासणी करून घेतली. डोळ्यांत थेंब घालून पडदा बघितला, अंधाऱ्या खोलीत दिवे दाखवून नजरेचा घेर मोजला. मी बाहेर बसले होते. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघून मी उठून उभी राहिले.

“काय म्हणाले?”

“नॉर्मल आहे,” तो म्हणाला. “काही नाही मला. काहीच नाही.” आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडायला लागला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. “तो लहान आहे ग माझ्याहून,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. रिपोर्ट चांगला आला की लॅबमध्ये लोक पेढे आणून देतात. त्या दिवशी आम्ही रिपोर्ट घडी घालून पर्समध्ये टाकला आणि घरी आलो.

संध्याकाळी त्याने भाऊजींना फोन लावला. स्पीकरवर ठेवला. पलीकडून मेसमधल्या ताटांचे आवाज येत होते.

“मला काही नाही निघालं,” तो म्हणाला.

मग भाऊजी म्हणाले, “सुटलो. खरंच दादा, सुटलो मी. आता पोरीची पण काळजी नाही फारशी.” खाकरून त्यांनी विषय बदलला. काठीने जिना उतरायला शिकवतायत, चढण्यापेक्षा उतरणं अवघड, शेजारच्या खाटेवरचा माणूस साताऱ्याचा आहे आणि फार घोरतो, असं काय काय.

नवरा ऐकत होता. मग त्याने विचारलं, “आता तुला किती दिसतं रे?”

इतक्या दिवसांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं होतं. मी गॅस बारीक केला.

“सांगू?” भाऊजी म्हणाले.

“सांग.”

“समोर माणूस उभा असला तर तोंड दिसतं. तोंड बघितलं तर हात नाही दिसत. सकाळी बरं असतं. संध्याकाळी नाही.”

“आणि रंग?”

“रंग अजून दिसतात. निळा-काळा कळत नाही.”

नवरा खुर्ची ओढून फोनजवळ बसला. मग तो एकेक विचारत गेला, पायऱ्या कशा कळतात, ताटातलं कसं कळतं, रस्ता ओलांडताना कोण असतं. भाऊजी प्रत्येकाचं नीट उत्तर देत होते. आमटी गार झाली तरी मी त्यांना मधे तोडलं नाही.